पाच कोटींचा दगड आणि बादलीभर पाणी

वाचकाचं पत्र

सर, नमस्कार. मी मंठा तालुक्यातला (जि. जालना) शेतकरी. मृगाच्या तोंडावर रोटाव्हेटर मारताना खालच्या रानात एक काळा दगड निघाला. मोठ्या बेलफळाएवढा आहे, पण उचलला की एवढा जड कसा, असं वाटतं. किराणा दुकानातल्या काट्यावर ३ किलो ४०० ग्रॅम भरला. जुन्या स्पीकरचं चुंबक एका बाजूला घट्ट चिकटतं, दुसऱ्या बाजूला चिकटतच नाही. एका अंगाला बारीक भोकं आहेत. पात्याने टवका उडाला तिथे काचेसारखी चमक आणि जरा हिरवट झाक दिसते. पुतण्या म्हणतो ही उल्काच, कारण लोणार आमच्यापासून फार लांब नाही. त्याने फोटो टाकले तर एकाचा फोन आला: पाच कोटीला घेतो, आधी लॅब टेस्टिंगचे पंचवीस हजार भरा. आई म्हणते देव निघालाय, शेंदूर लावून बांधावर बसवा. रोज दोन-चार माणसं बघायला येतात. दगड कसला आहे आणि आम्ही काय करावं?

उत्तर

नमस्कार. पंचवीस हजार भरू नका. तो माणूस दहा हजारांवर आला, पाचावर आला, 'तुमच्यासाठी म्हणून' दोनावर आला, तरी भरू नका. फोटो बघून कोटींचा भाव सांगणारा खरेदीदार या धंद्यात नसतो. ज्याला खरोखर दगड घ्यायचा असतो तो येतो, हातात घेतो, भिंगातून बघतो, छोटा तुकडा कापून प्रयोगशाळेत नेतो आणि त्याचा खर्च स्वतः करतो. विकणाऱ्याकडून चाचणीची फी घेण्याची ही चाल जुनीच आहे. तांदूळ ओढणारं भांडं, इरिडियमचा कलश या नावांनी याच पद्धतीने लोकांना बुडवलेलं आहे. त्यात कधी 'अणुशास्त्रज्ञ' पांढरा सूट घालून येतात, कधी सरकारी शिक्का मारलेलं पत्र येतं. पुतण्याने घाईत काही रक्कम पाठवलीच असेल, तर आजच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळण्याची शक्यता कमी.

आणि समजा तुमचा दगड खरोखर अशनी, म्हणजे जमिनीवर पोचलेली उल्का, निघाला, तरी पाच कोटी विसरा. सर्वसाधारण दगडी अशनी जगाच्या बाजारात भरपूर आहेत. चंद्रावरून किंवा मंगळावरून आलेल्या थोड्या दगडांना मोठा भाव मिळतो आणि तोही कागदोपत्री वर्गीकरण झाल्यावरच.

आता दगडाकडे वळू. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून माझा कौल भट्टीतल्या स्लॅगकडे, म्हणजे लोखंडाच्या मळीकडे आहे. चुंबक एका बाजूला चिकटतं आणि दुसऱ्या बाजूला नाही, बारीक भोकं आहेत, फुटीवर काचेची चमक आणि हिरवट झाक आहे. ही चारही लक्षणं एका दगडात एकत्र आली की माझ्या डोळ्यांसमोर आकाश येत नाही, भट्टी येते. लोखंड वितळवताना त्यातली माती, चुना, वाळू वितळून वर तरंगते. ती ओतून टाकली की पटकन थंड होते, म्हणून काचेसारखी गोठते. वायू आत अडकले तर भोकं राहतात. लोखंडाचे थेंब तिच्यात अडकून राहिले तर त्या जागी चुंबक चिकटतं आणि बाकी ठिकाणी चिकटत नाही. हिरवट-निळसर रंग काचेत मिसळलेल्या लोखंडामुळे येतो. कौल बदलू शकतो, पण तो बदलायला पुरावा लागेल आणि तो पुरावा तुम्हाला घरीच मिळवता येईल.

त्याआधी चुंबकाविषयी थोडं सविस्तर सांगतो, कारण या विषयावरच्या जवळजवळ प्रत्येक पत्रात 'चुंबक चिकटतं, म्हणजे उल्काच' हे वाक्य असतं. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग बेसाल्टने, म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेल्या काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरले, आजही ते पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास जागेत शिल्लक आहेत आणि घाटात त्यांची एकूण जाडी दीड-दोन किलोमीटरपर्यंत भरते. या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट नावाच्या खनिजाचे बारीक कण असतात. त्यामुळे तुमच्या विहिरीतून निघालेला कुठलाही ताजा काळा दगड घ्या, दोऱ्याला टांगलेलं चुंबक त्याच्याकडे थोडं तरी झुकेल. हे कण लाव्हा थंड होताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राप्रमाणे लागलेले असतात. त्यांचा कल मोजूनच शास्त्रज्ञांना कळलं की हा लाव्हा वाहत होता तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला, साधारण ३० अंशांच्या आसपास होती. तुमच्या बांधावर रचलेल्या साध्या गोट्यात ही नोंद पडून आहे आणि तिचा भाव कोणी विचारत नाही.

याच कारणासाठी एक सूचना. हल्ली बाजारात मिळणारी चकचकीत, फार जोरदार चुंबकं दगडावर घासू नका. दगड खरोखर अशनी असेल तर त्याने कोट्यवधी वर्षं सांभाळलेली चुंबकीय नोंद त्या एका स्पर्शाने पुसली जाते. फ्रिजवर लावायचं साधं चुंबक दोऱ्याला बांधा आणि दगडाजवळ न्या. किती झुकतं, कुठे झुकतं, एवढं पुरे.

तुमच्या दगडात चुंबक 'घट्ट' चिकटतं आणि तेही एकाच बाजूला, हे मात्र साध्या बेसाल्टचं लक्षण नाही. बेसाल्टमधले कण सगळीकडे सारखे विखुरलेले असतात, त्यामुळे ओढ कमी पण सर्व बाजूंनी सारखी लागते. नेहमीच्या दगडी अशनीतही लोखंड-निकेलचे कण असेच सगळीकडे पसरलेले असतात. एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, ही भट्टीची तऱ्हा.

आता भोकं. अशनीच्या बाहेरच्या अंगावर कधी उथळ, गोलसर खळगे असतात. वातावरणातून येताना वरचा भाग झिजून ते पडतात, त्यांच्या कडा मऊ असतात आणि तळ दिसतो. आत शिरणारी भोकं, फुटलेले बुडबुडे, जाळी ही लक्षणं अशनीत जवळजवळ कधीच नसतात. लोकांना वाटतं, एवढ्या आगीतून आलेला दगड आतपर्यंत वितळला असणार. तसं होत नाही. हवेतला प्रवास काही सेकंदांचा असतो, त्यात वरचा जेमतेम एखादा मिलिमीटर वितळून काळी साल तयार होते आणि आतला दगड थंडच राहतो. म्हणून अशनीची फूट बघायची असते. साल काळी, पण आत बहुतेक वेळा राखाडी, दाणेदार, त्यात चमकणारे धातूचे ठिपके आणि कधीकधी मोहरीएवढे गोल दाणे. तुमच्या फुटीवर साल वेगळी आणि आत वेगळं असं दिसतं का? की काळेपणा आतपर्यंत एकसारखा आहे? या एका निरीक्षणाला मी चुंबकापेक्षा जास्त वजन देईन. रोटाव्हेटरच्या पात्याने तुमचं अर्धं काम करून ठेवलंय, त्यामुळे हातोडा उचलू नका. टवक्याची जागा ब्रशने कोरडीच झाडा आणि दहा पट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून उन्हात बघा. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे किंवा सोनाराकडे असं भिंग असतं.

भिंगातून लाव्हा असेल तर बारीक, एकमेकांत अडकलेल्या स्फटिकांचे काळे-करडे दाणे दिसतील, एखाद्या पोकळीत झिओलाइट नावाचं पांढरं खनिज किंवा गारगोटी भरलेली सापडेल. स्लॅग असेल तर दाणाच दिसणार नाही, नुसती काच, तिच्यात बुडबुडे, एखादा गंजलेला थेंब, क्वचित कोळशाचा अर्धवट जळलेला तुकडा. कोळसा दिसला की प्रश्न मिटला.

पुढची चाचणी पाण्याची आणि माझ्या मते हीच सगळ्यांत भरवशाची. त्याच किराणा दुकानात जा, इलेक्ट्रॉनिक काटा मागा. काट्यावर अर्धी भरलेली बादली ठेवा आणि आकडा शून्यावर आणा. दगडाला पक्का दोरा बांधून तो पाण्यात पूर्ण बुडेल असा धरा. तळाला टेकू देऊ नका, कडेला लागू देऊ नका. काट्यावर आता जितके ग्रॅम दिसतील, तितके घनसेंटिमीटर तुमच्या दगडाचं आकारमान. दगडाच्या कोरड्या वजनाला, म्हणजे ३४०० ला, त्या आकड्याने भागा. येईल ती दगडाची घनता. काटा १२०० दाखवत असेल तर उत्तर २.८ येईल. हे बेसाल्टचं घर, हलक्या स्लॅगचंही. १००० दाखवला तर ३.४. नेहमीच्या दगडी अशनी ३.२ ते ३.७ च्या आसपास असतात, पण लोखंड जास्त राहिलेली मळीही तिथेच येते, म्हणून या आकड्यावर नाचू नका. ४५० दाखवला तर साडेसात, मग तो लोखंडाचाच गोळा आहे. दगड भोकाळ असेल तर बुडवल्यावर बुडबुडे येतील, ते थांबेपर्यंत वाट बघा. पाण्यातून काढल्यावर लगेच पुसून सावलीत वाळवा. लोखंड असलेला दगड ओला ठेवला तर गंज धरतो.

साडेसात आलं तरी अंतराळ लगेच सिद्ध होत नाही. जुन्या यंत्राचा, गिरणीचा, ट्रकच्या सुट्या भागाचा ओतीव लोखंडी तुकडा चाळीस वर्षं मातीत राहिला की ओळखू येत नाही. लोखंडी अशनीत निकेल असतंच, साधारण पाच टक्क्यांच्या वर. ती तपासणी रसायनशाळेत मिनिटांत होते, निकेल असेल तर द्रावणाला गुलाबी रंग येतो. तुकडा कापून, घासून, सौम्य आम्ल लावलं की पुष्कळशा लोखंडी अशनींत एकमेकांना छेदणाऱ्या पट्ट्यांची नक्षी उमटते. ही नक्षी व्हायला धातू लाखो वर्षं अतिशय संथपणे थंड व्हावा लागतो, म्हणून कुठल्याही कारखान्यात ती करता येत नाही. मात्र आम्लाचा हा खेळ घरी नको.

रेघेची चाचणीही करून बघा. चिनी मातीच्या कपाच्या बुडाला जिथे चकाकी नसते तिथे दगड घासा. लालसर तपकिरी रेघ आली तर हेमेटाइट, म्हणजे लोहखनिज. ठळक काळी आली तर मॅग्नेटाइट. अशनीची ताजी साल बहुतेक रेघ उमटवत नाही, उमटलीच तर फिकट करडी. स्लॅगची काचही बहुधा ठळक रेघ सोडत नाही.

लोणारविषयी पुतण्याला जरा निराश करावं लागेल. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे आणि ते आघातानेच झालं याविषयी आता वाद उरलेला नाही. १९७३ साली तिथल्या खडकांत आघाताने काच बनलेली खनिजं सापडल्याचं प्रसिद्ध झालं आणि ज्वालामुखीचं जुनं अनुमान मागे पडलं. विवराचं वय पूर्वी ५० हजार वर्षांच्या आसपास धरत, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीत ते ५ लाख ७० हजारांच्या घरात आलं. पण आदळलेल्या पाषाणाचं काय झालं? एवढ्या वेगाने आदळलेला मोठा पाषाण बहुतांशी वाफ होऊन, वितळून जातो. त्याचा ओळखू येईल असा तुकडा लोणारला आजवर हाती लागलेला नाही. आघाताने उधळलेला बेसाल्टचा मालही कडेपासून सव्वा-दीड किलोमीटरपर्यंतच पसरलेला आहे आणि तुमचं रान तिथून चाळीसएक किलोमीटरवर. शिवाय आपल्या पावसाळ्यात अशनीतलं लोखंड टिकत नाही. चुकून एखादा तुकडा त्या वेळी तुमच्या शिवारात येऊन पडलाच असता, तर इतक्या काळात त्याची गंजमाती झाली असती.

तुम्ही लोणारला जाल तेव्हा तिथले दगड मात्र खिशात घालू नका. ते राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे, अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर यादीतलं पाणथळ क्षेत्रही आहे.

मग स्लॅग तुमच्या रानात आली कुठून? मला वाटतं, याचं उत्तर दगडापेक्षा रानच देईल. जालना शहर लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांसाठी ओळखलं जातं. त्या भट्ट्यांची मळी भरावाला, रस्त्याला, पांदणीला वापरली जाते. तुमच्या शेताचा रस्ता कधी भरला होता का? ट्रकने मुरूम, गाळ, उकिरड्याचं खत आणलं होतं का? विहिरीच्या काठाला, गोठ्याच्या तळाला बाहेरचा भराव टाकला होता का? वडिलांना, शेजारच्या वयस्कर माणसांना विचारा. ज्या जागी हा निघाला तिथे आणखी दोन-चार तसेच तुकडे सापडतात का तेही बघा. स्लॅग क्वचितच एकटी असते.

'पण एवढी वर्षं नांगरतोय, कधी दिसला नाही' असं तुम्ही म्हणाल. काळ्या रानाचा हा स्वभावच आहे. उन्हाळ्यात भेगा पडतात, वरची माती त्यांत ढासळते, पावसात माती फुगते आणि खालचं वर ढकलते. या उलथापालथीत खोलवरचे गोटे वर येत राहतात. शिवाय रोटाव्हेटर जे उकरतो ते बैलाच्या औताला लागलेलं असेलच असं नाही.

दुसरी शक्यता जुन्या भट्टीची. तुमच्या त्या खालच्या रानात पांढर आहे का, म्हणजे राखाडी माती, खापरं, मणी, जुन्या विटा? महाराष्ट्रात लोखंड गाळण्याचा इतिहास अडीच हजार वर्षांहून जुना आहे. नागपूर जिल्ह्यात नायकुंड इथे महापाषाण संस्कृतीच्या काळातली लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननात मिळाली. सह्याद्रीच्या माथ्यावर, महाबळेश्वरच्या बाजूला धावड लोक जांभ्यातलं लोखंड गाळत, त्यांच्या मळीचे ढीग जंगलात पडलेले असत. जुनी मळी वैद्यांना तर हवीच असते, मंडूर म्हणून आयुर्वेदात तिचं भस्म करतात आणि ती जितकी जुनी तितकी चांगली मानतात. (हे वाचून तुमच्या दगडाचं भस्म करायला निघू नका. कारखान्याच्या मळीत काय काय असतं ते वेगळंच.) खापरांसोबत मळी सापडली तर ती पाच कोटींची नाही, पण पुरातत्त्ववाल्यांच्या दृष्टीने बातमी आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजला किंवा राज्य पुरातत्त्व संचालनालयाला कळवा आणि रानाचा तेवढा तुकडा तूर्त नांगरू नका.

अशीच शंका असलेल्या इतर जिल्ह्यांतल्या वाचकांसाठी घाईघाईने सांगतो. भंडारा-नागपूरकडे काळा, जड, हात काळे करणारा दगड बहुधा मँगनीजचा. गडचिरोलीच्या सुरजागड परिसरात आणि सिंधुदुर्गात रेडीकडे लोहखनिज. चंद्रपूर-वणीकडे काळा पण हलका असेल तर दगडी कोळसा. वीटभट्टीजवळ असाल तर जास्त भाजून वितळलेल्या विटांचे गोळे. बेसाल्टच्या पट्ट्यात मुरमातून निघालेला पूर्ण गोल, तपकिरी सालीचा गोटा कांद्यासारखा पापुद्र्यापापुद्र्याने सुटत असेल, तर ती त्या खडकाची झिजण्याची रीत आहे, त्यात काही गूढ नाही.

गोदावरी आणि प्रवरेच्या काठच्या शेतकऱ्यांनी मात्र काळा दगड फेकण्याआधी त्याचा आकार बघावा. नासपतीच्या आकाराचा, दोन्ही बाजूंनी कपच्या काढलेला, एका टोकाला निमुळता आणि कडेने धार असलेला दगड हाताला लागला तर ती आदिमानवाची हातकुऱ्हाड असू शकते. नेवासे परिसरात अशी हत्यारं पुष्कळ मिळाली आहेत, ती बेसाल्ट-डोलेराइटच्या काळ्या दगडाचीच असतात. मला विचाराल तर असा दगड हातात येणं अशनीपेक्षा मोठं नशीब.

तरीही अशनी महाराष्ट्रात पडतच नाहीत असं नाही. २२ मे २०१२ रोजी भर दुपारी नागपूर जिल्ह्यात काटोलच्या परिसरात मोठा आवाज झाला आणि दगड पडले. ते दगडी अशनी ठरले. जयपूरजवळ मुकुंदपुऱ्याला २०१७ मध्ये पडलेला अशनी कार्बनयुक्त, ठिसूळ आणि वजनाला हलका होता. गुजरातेत दियोदरला २०२२ मध्ये पडलेला आतून चक्क फिकट रंगाचा. म्हणजे 'काळा, जड, चुंबकी' हे सूत्रही दरवेळी लागू पडत नाही. उलट २०२२ च्या एप्रिलमध्ये चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात आकाशातून धातूचं कडं आणि गोळे पडले, ते चिनी रॉकेटचे अवशेष असल्याचं तज्ज्ञांचं मत पडलं. या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. लोकांनी ते पडताना पाहिलं किंवा ऐकलं होतं, जागा आणि वेळ नोंदली गेली. तुमच्या शिवारात गेल्या काही वर्षांत रात्री लख्ख उजेड, स्फोटासारखा आवाज असं काही झाल्याचं कोणाला आठवतं का? आठवत असेल तर माझा कौल थोडा डळमळेल.

आता आईंचं. त्यांना 'तो देव नाही, कारखान्याची घाण आहे' असं सांगायला जाऊ नका, मीही सांगणार नाही. बांधावरच्या म्हसोबाला कोणी प्रयोगशाळेचा दाखला मागितलेला नाही. फक्त एवढं म्हणा की दगडाची ओळख पटेपर्यंत शेंदूर, तेल, हळद काही लावू नका. शेंदूर-तेलाचा थर फुटीच्या बारीक भेगांत शिरतो, मग भिंगातून काही दिसत नाही आणि रासायनिक तपासणीत शेंदरातलं शिसंच हाती येतं. ओळख पटल्यावर त्यांना तो बांधावर बसवायचा असेल तर खुशाल बसवू द्या. बघायला येणाऱ्यांना दुरून दाखवा, पण प्रत्येकाच्या हातात देऊ नका, आणि 'जरा टवका काढून बघू' म्हणणाऱ्यापासून त्याला जपा.

दाखवायचा कुणाला? पहिला थांबा जालन्यातलं भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं जिल्हा कार्यालय. विहिरी-बोअरच्या कामामुळे तिथल्या भूवैज्ञानिकांनी मराठवाड्याचा कातळ इतका पाहिलेला असतो की बेसाल्ट आहे की नाही हे ते बघताक्षणी सांगतील. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूशास्त्राचा विभाग आहे. जवळच्या एखाद्या महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकवत असतील तर तिथला प्राध्यापकही चालेल. पाण्याचा आकडा ३.२ च्या वर आला, फुटीवर वेगळी साल आणि आत धातूचे ठिपके दिसले, भोकं नुसती वरवरची निघाली, तर मात्र थेट भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण गाठा. त्यांची कार्यालयं नागपूरला आणि पुण्याला आहेत, देशाचा अशनींचा संग्रह हीच संस्था सांभाळते. तिथे आधी फोटो आणि माहिती पाठवा, दगड कुरियरने टाकू नका. कोणाला नमुना दिलात तर पोच घ्या, नमुन्याचं वजन त्यात लिहून घ्या.

तोवर दगड कोरड्या, न छापलेल्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरतो. डब्यावर गट नंबर, रानातली नेमकी जागा, किती खोलीवर मिळाला, तारीख आणि कोणी उचलला ते लिहा. मोबाइलवर त्या जागेवर उभं राहून नकाशातले आकडे टिपून ठेवा. अशनी असो, हातकुऱ्हाड असो की जुन्या भट्टीची मळी, जागा माहीत नसलेल्या दगडाचं अभ्यासकाला निम्मंच मोल राहतं.

बादलीचा प्रयोग झाला की आकडा मला कळवा. सोबत टवक्याच्या जागेचा उन्हातला फोटो, शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवून, आणि तुमच्या विहिरीतल्या एखाद्या ताज्या फुटलेल्या काळ्या दगडाचाही तसाच फोटो पाठवा. दोन्ही शेजारी ठेवून बघितले की बरंचसं तुमचं तुम्हालाच दिसेल.